सोपानचा डावा दंड

कऱ्हेकाठच्या एका गावात सोपान भिकोबा झगडे, वय वर्षे सव्वीस, या नावाचा एक भोळा गृहस्थ होता. त्याचे लग्न ठरले होते आणि त्यामुळेच त्याची झोप उडाली होती. लग्नानंतर जेजुरीला जायचे आणि नवऱ्याने नवरीला उचलून गडाच्या काही पायऱ्या चढायच्या, अशी तिकडची रीत. नवरी शेवंता अंगापिंडाने भरलेली. सोपानचे दंड बोरूसारखे. नवरी हातून निसटली, तर सासुरवाडी जन्मभर हसणार!

तो हणमंत वस्तादांच्या तालमीत गेला. वस्तादांनी त्याच्या हाती डंबेल दिले.

"ताठ उभा राहा. तळवा समोर. कोपर बरगडीला चिकटव. काही झाले तरी ते सुटता कामा नये. आता नुसता हात दुमडून डंबेल खांद्याशी आण."

दुसऱ्याच दिवशी भावी सासरे घरी आले. आईने खूण केली, "पाया पड."

सोपान दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवून वाकला. हात पायांपर्यंत पोहोचेनात. तो आणखी वाकला आणि थेट सासऱ्यांच्या मांडीत कोसळला.

"कोपर सुटले नाही," तो तेथूनच म्हणाला.

तालमीत हे ऐकून वस्तादांनी कपाळाला हात लावला.

"अरे शहाण्या, पाहुण्यांपुढे हात मोकळे सोडावेत! आता पुढचे ऐक. डंबेल धाडकन खाली आणू नये. सावकाश, श्वास घेत आणावे."

सायंकाळी चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. आई अंगणातून ओरडली, "सोपाना, पातेले उतरव!"

सोपानने फडक्याने पातेले धरले. दीर्घ श्वास घेतला. सावकाश, अगदी सावकाश ते खाली आणले. तोवर चूल विझली होती.

"घाई केली नाही, आई."

"मेल्या, सगळे दूध चुलीला पाजलेस!"

दुधाची हकीकत ऐकून वस्ताद संतापले.

"माझे धडे ओझे उचलण्याच्या व्यायामाचे आहेत! ओझे असेल तेथेच पाळ. समजले?"

"समजले."

"मग शेवटचे सांगतो. एका हाताने जेवढे उचलशील, तेवढेच दुसऱ्याने उचल. नाहीतर एक दंड फुगेल आणि दुसरा बारीक राहील."

सोपानने मनापासून मेहनत केली. दंडावर बेटकुळी उठू लागली.

लग्न झाले. वऱ्हाड जेजुरीला पोहोचले. सोपानने शेवंताला अलगद उचलले, उजव्या दंडावर तिचा भार तोलला, पायऱ्या चढला आणि श्वास घेत तिला सावकाश खाली ठेवले. "येळकोट येळकोट, जय मल्हार!" भंडारा उधळला गेला. शेवंता लाजली. सासऱ्यांचे डोळे भरून आले.

सोपान मात्र गंभीर होता. सारा भार उजव्या दंडावर पडला होता. डावा तसाच होता. शिवाय हे खरेखुरे ओझे. येथे धडा पाळणे भागच होते. त्याने वऱ्हाडावरून नजर फिरवली. शेवंताच्या वजनाचे माणूस त्यात एकच होते.

तो पायऱ्या उतरला आणि त्याने सासूबाईंना उचलले.

"अहो जावईबापू! सोडा मला! लोक बघताहेत!"

"हलू नका, मामी. डावा बारीक राहील."

आणि तो चढू लागला. गर्दीतून कोणीतरी भंडाऱ्याची मूठ दोघांवर उधळून ओरडले, "देवाला म्हाळसा नि बाणाई, तशा ह्यालाही दोघी!"

पुढे शेवंताच्या धाकट्या बहिणींची लग्ने झाली. त्या जावयांबरोबर वऱ्हाड जेजुरीला गेले, तेव्हा सासूबाई घरीच राहिल्या.