बिनसाखरेचा चहा

नदीपलीकडच्या रानात एका संस्थेचा दवाखाना होता. त्या मुलखात कधी कुणाचं कार्यालय जळेल, याचा नेम नसे. तरी दवाखान्याला ना भिंत, ना पहारेकरी. मुंबईहून संस्थेचे सुरक्षा अधिकारी घारपुरे यांनी हुकूम सोडला, "भिंत घाला, बंदूकवाले ठेवा, नाहीतर दवाखाना बंद!"

डॉक्टर इंदू वैरागडे यांनी कळवलं, "बंदुका आल्या की रोगी यायचे थांबतील."

बाईंना धडा शिकवायचाच, म्हणून साहेब डोक्याला पंचा गुंडाळून, रोगी बनून एकटेच निघाले. नदी ओलांडल्यावर नावाड्यानं रिवाजाप्रमाणे चहा पुढे केला. "मला साखर चालत नाही," म्हणून त्यांनी तो टाळला. पुढे वाटेत शेताशेतांतून बायकांच्या गोंडीतल्या हाका ऐकू येत होत्या. गुरं वळवत असतील, असं साहेबांना वाटलं. कुणी हटकलं नाही. ते थेट औषधांच्या खोलीत शिरले आणि पंचा फेकून गरजले, "पाहिलंत? मी आत घुसलो, तुम्हाला पत्ताही नाही!"

"बसा साहेब, दमला असाल," म्हणत डॉक्टरांनी झाकून ठेवलेला कप पुढे केला. साहेबांनी घोट घेतला आणि ते थबकले. चहात साखर नव्हती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वाटेवरच्या हाकांनी. माणूस एकटा आहे, हत्यार नाही, साखर चालत नाही. म्हणूनच तुम्हाला येऊ दिलं. या बायकांची बाळंतपणं मी करते, माझी राखण त्या करतात. आता सांगा, या हाकांच्या तोडीची भिंत किती उंच घालू?"