फाटक कुणाच्या दारात?

“सासऱ्याचा घसा बसला म्हणून सुनेला पाठवलंय. नवी नवरी, ती काय बोलणार? पाच मिनिटांत उरकेल,” बिल्डर रणदिवे वकिलाच्या कानात पुटपुटले. मागच्याच बाकावर बसलेल्या वृंदाने ते ऐकलं आणि नकाशा उलगडला.

रहिवासी जागेवर व्यापारी संकुल बांधायचं आणि गाड्यांचं फाटक शिक्षक वसाहतीच्या चिंचोळ्या गल्लीत काढायचं, असा रणदिव्यांचा अर्ज होता. नगरपालिकेत आज त्यावरच्या हरकतींची सुनावणी होती; वसाहतीच्या वतीने वृंदाचे सासरे बोलणार होते.

“दिवसाला चार गाड्या येतील, साहेब. त्यात त्रास कसला?” रणदिवे अधिकाऱ्यांना म्हणाले.

वृंदाने नकाशावर बोट ठेवलं. “काका, जागेच्या मागून तुमच्या बंगल्याचा रस्ताही जातो. फाटक तिकडे काढलं तर?”

“तिकडे?” रणदिवे उसळले. “अहो, माझी नातवंडं तिथे खेळतात! आई अंथरुणाला खिळलीय. दिवसभर टेम्पोचे हॉर्न ऐकायचे का तिने? आणि उद्या रुग्णवाहिका आली तर ती शिरणार कुठून?”

वकिलाने त्यांची बाही ओढली, पण फार उशिरा.

वृंदा अधिकाऱ्यांकडे वळली. “साहेब, मामंजींनी आमच्या हरकती पानभर लिहून दिल्यात, पण काकांनी त्या जास्त चांगल्या सांगितल्या. त्यांचंच बोलणं आमच्या वसाहतीच्या नावाने लिहून घ्या.”