थरथरणारा ब्रेक

घाटाखालच्या एका गावात सर्जेराव नावाचा जीपवाला राहत होता. वीस वर्षं तो बाजारची माणसं घाटावर नेत-आणत होता. ब्रेकवर पाय असावा तर सर्जेरावाचा, असं सगळी पंचक्रोशी म्हणे.

मग शेजारच्या सगुणानं नवी गाडी घेतली. तिच्या ब्रेकवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा ताबा होता. निसरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नसत, गाडी घसरत नसे. हळूहळू माणसं तिच्याकडे वळली. "तिच्या गाडीत भीती वाटत नाही," असं कुणी म्हटलं की सर्जेरावाला अन्न गोड लागेना. वीस वर्षं झिजला माझा पाय आणि कौतुक तिच्या गाडीचं, हे त्याच्या मनातून जाईना.

एक दिवस सगुणाच त्याच्याकडे आली. "दादा, काल ब्रेक जोरात दाबला तर पायाखाली थरथरला. बिघाड असेल का?"

ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे, पाय तसाच दाबून धरायचा, हे सर्जेरावाला ठाऊक होतं. गॅरेजवाल्यानं त्याला नीट समजावलं होतं. पण तो म्हणाला, "थरथरला की पाय उचलायचा. नाहीतर ब्रेक मोडेल." एकदा ती गाडी कुठंतरी घासू दे, मग लोकांचे डोळे उघडतील, असं त्याला वाटलं.

बाजारच्या दिवशी धुक्यानं रस्ता ओला होता. सर्जेराव घरी डोकावला तर आई दिसेना. बायको म्हणाली, "तुमची जीप भरेपर्यंत उशीर होतो, म्हणून सासूबाई सगुणाच्या गाडीनं गेल्या."

तो रिकामीच जीप घेऊन मागे धावला.

तिसऱ्या वळणावर सगुणाची गाडी कठड्याला धडकून उभी होती. म्हैस आडवी आली, सगुणानं ब्रेक दाबला, तो थरथरला आणि तिनं पाय उचलला. बाकीचे बचावले होते. आईचा हात मोडला होता.

"माझंच काहीतरी चुकलं, दादा," सगुणा रडत म्हणाली. माणसं तिच्याकडे रागानं पाहत होती. सर्जेराव गप्प राहिला असता, तर उद्यापासून ती सगळी त्याच्याच जीपमध्ये बसली असती.

त्यानं मान खाली घातली. "तिचं चुकलं नाही. पाय उचलायला मीच सांगितलं होतं. खोटं आहे हे माहीत असून सांगितलं."

मागून एसटी आली, तशी आई सगुणाच्या खांद्याचा आधार घेऊन एसटीत चढली. सर्जेरावाच्या जीपकडे तिनं पाहिलंही नाही.

तात्पर्य: मत्सरापोटी दिलेला खोटा सल्ला कुणाच्या जिवावर बेतेल, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही, आणि खरं बोलायला उशीर झाला, तर तुटलेला विश्वास लगेच जुळत नाही.