उलटणारं टेबल

यंत्रांना नुकतीच वाचा फुटली होती, तेव्हाची ही गोष्ट.

केरबा सुताराचं दुकान एवढंसं, की रंधा चालवायचा तर करवत उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. शेवटी त्याने मोडक्या दाराची फळी चौकटीत बसवून उलटणारं टेबल केलं. फळीच्या एका बाजूला विजेची करवत, दुसऱ्या बाजूला विजेचा रंधा. एक वर आलं की दुसरं खाली लटकणार!

करवत हरखून गेली. "पहिला मान माझा!" म्हणत तिने सागवान सरसर कापलं. काय तो थाट! भुसा नुसता उधळत होता.

मग केरबा टेबल उलटवायला आला, तशी करवतीने फळी जागेवर अडकवणारी खुंटी घट्ट धरून ठेवली. "मी खाली डोकं वर पाय करू? मुळीच नाही!"

"अगं ताई, लाकूड खरबरीत आहे. मला वर येऊ दे," रंधा खालून म्हणाला.

"तू तिथेच बरा!"

खुंटी हलेना. वैतागून केरबाने आणखी लाकूड कापायला घेतलं. पण आता भुशाने करवतीचा गळा चोंदला होता. पातं घरघरलं आणि थांबलं. जीव गुदमरला, तेव्हा कुठे तिने खुंटी सोडली.

फळी गर्रकन उलटली आणि तिच्या पोटातला सगळा भुसा भसाभसा खाली पडला. करवतीने मोकळा श्वास घेतला. वर रंधा खुशीत गाऊ लागला.

"दादा," ती खालून म्हणाली, "तुझाही गळा भरला की हाक मार हं. ही खालची जागा सोडवत नाही, पण तुझ्यासाठी सोडेन."