करवंटीवरचं पान

फार जुनी गोष्ट आहे. ओढ्याकाठच्या रानात एका मुंगसाचा पाय सुजून टम्म झाला. ठणक्याने झोप येईना, तेव्हा ते कासवबुवा वैद्यांकडे गेलं. बुवा म्हणाले, "सूज उतरेल, पण औषधात नागाचं विष लागतं."

मुंगसाच्या अंगावरचे केस उभे राहिले. "म्हणजे तुम्ही आणि नागाने मिळून मला मारायचं ठरवलंय तर."

"औषध तुझ्या डोळ्यांदेखत करतो," बुवा म्हणाले.

मग बुवांच्या शब्दाखातर नाग रोज सकाळी यायचा आणि करवंटीवर ताणून बांधलेलं पळसाचं पान चावायचा. आत पडलेल्या विषाचा एक थेंब बुवा भरपूर पाल्याच्या रसात कालवायचे. मुंगूस ते आधी बुवांना स्वतःच्या पायाला लावायला सांगायचं, मगच आपला पाय पुढे करायचं. तोवर त्याची नजर नागावरून हलत नसे. हा काहीतरी साधल्याशिवाय विष देणार नाही, याची त्याला खात्री होती.

एका सकाळी ठणका थांबला. मुंगसाने पाय जमिनीवर टेकवून पाहिला. नाग मात्र कोपऱ्यात बसून त्या पायाकडेच बघत होता.

"आता कसली वाट बघतोस?" मुंगसाने दरडावलं.

"माझं विष संपलंय," नाग हळूच म्हणाला. "पुन्हा साठायला वेळ लागेल. तुला माझ्यामागे पळता येतंय का, तेवढं बघत होतो."

मुंगसाने टेकवलेला पाय पुन्हा उचलून धरला आणि नाग बिळात शिरेपर्यंत ते लंगडतच राहिलं.