तळ्यातला खंड्या

रानातली जनावरं एकमेकांशी बोलत होती, त्या काळची गोष्ट. एका तळ्यात पडलेलं प्रतिबिंब जनावर निघून गेलं तरी पुसलं जात नसे. त्यात निळ्याशार खंड्याचं प्रतिबिंब तर बघतच राहावं असं. ते बोललं की सारं रान माना डोलवी. काठावरच्या टिटवीचंही प्रतिबिंब होतं, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे.

एकदा हरणांचा कळप पाण्यावर आला. "अगं बायांनो, मागं फिरा, आत मगर आहे!" टिटवी ओरडली.

"आधी स्वतःचं तोंड बघ," म्हातारी हरिणी फिस्कारली. "खंड्या, तूच सांग रे बाबा."

"या ना," पाण्यातून गोड आवाज आला. "पाणी गार आहे."

हरणं उतरली. टिटवीनं वर पाहिलं, तर खंड्याची फांदी रिकामी होती. तेवढ्यात मगरीनं जबडा उघडला. दातांत एक जुनं निळं पीस अडकलेलं होतं.

सकाळी तळं निवांत होतं. खंड्याशेजारी आता हरणांचीही देखणी प्रतिबिंबं उभी होती. पलीकडून नवा कळप येताना दिसला.

"या ना," सगळी एका सुरात म्हणाली.

टिटवी ओरडायला गेली आणि तिची नजर खाली गेली. तिचं स्वतःचं प्रतिबिंबही खंड्याकडे बघत मान डोलवत होतं.