सात पुरुष खोल विहीर

बसा जवळ. आणि मधेमधे प्रश्न विचारू नका बरं, मला पुढचं विसरायला होतं.

फार फार वर्षांमागं आपल्या खडकवस्तीत पन्नासेक घरं ख्रिस्ती झाली. गावच्या विहिरीवर त्यांना कुणी चढू देत नव्हतं. तेव्हा रावजीबाबा ओहोळ नावाच्या माणसानं पहार उचलली आणि वस्तीसाठी विहीर खणली. सात पुरुष खोल! माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढा उंच, तेवढा एक पुरुष. पाणी लागलं तेव्हा बाबा आतच गुडघे टेकून रडला, असं म्हणतात.

विहिरीला दोर हवा. मग सगळ्या वस्तीनं घायपात कुजवलं, कुटलं, आणि महिनोन्‌महिने बसून एकच दोर वळला. आठ पुरुष लांब. हाताला घट्टे पडले नाहीत असं एक घर उरलं नाही.

पुढं बरीच वर्षं सुखाची गेली. बाबा म्हातारा झाला, आणि वस्तीत भांडण लागलं. कशावरून, सांगू? पाण्यावरून! प्यायच्या नव्हे, बाप्तिस्म्याच्या. वस्तीचा कारभारी सदोबा साळवे म्हणायचा, बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की झाला बाप्तिस्मा. जिवाजी मास्तर म्हणायचे, छे, माणूस जाणता झाला की त्याला पाण्यात पुरता बुडवायचा, तोच खरा. दोघंही देवाला भिऊन वागणारे, दोघांनाही शास्त्र तोंडपाठ, आणि हट्टाला एकापेक्षा एक वरचढ. बरं, साल कुठलं? दुष्काळाचं! प्यायला पाणी जपून वाढायचे, आणि हे शहाणे बुडवायला किती लागतं त्याचा वाद घालत बसले होते.

वाद इतका पेटला की देऊळ, म्हणजे आपलं चर्च, वेगळं करायचं ठरलं. सगळं निम्मं निम्मं. सतरंज्या वाटल्या, कंदील वाटले, टाळसुद्धा एक एक वाटला. शेवटी राहिला दोर. सदोबा म्हणाला, "आमच्याही हातांनी वळलाय." मास्तर म्हणाले, "मग आमचे हात काय भाड्याचे होते?" कुणीतरी कोयता आणला आणि दोर मधोमध तोडला.

सकाळी सदोबाच्या माणसांनी पोहरा सोडला. तो विहिरीच्या मध्यावर जाऊन लोंबकळत राहिला. थोड्या वेळानं मास्तरांची माणसं आली. त्यांचाही तिथंच. आता शहाण्या माणसानं काय करावं? पण नाही! दोन्हीकडच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दोन कोसांवरच्या ओढ्याला जाऊ लागल्या. ओढ्याचं पाणी गढूळ. आठवड्याभरात लेकरं जुलाबानं अंथरुणाला खिळली.

रावजीबाबानं हे पाहिलं. लेकीला म्हणाला, "सारू, मी जरा विहिरीत जाऊन येतो."

"बा, या वयात? खाली जाल, पण वर कसे याल?"

"ते त्यांना विचार," बाबा म्हणाला आणि पहार घेऊन निघाला.

खणताना त्यानं भिंतीला पाय ठेवायला खोबण्या केल्या होत्या. त्यांना धरून म्हातारा उतरला. तळाशी पाणी घोट्याएवढं. तिथून त्यानं हाक दिली, "दोर जोडलात की मला काढा. तोवर मी इथंच!"

सदोबा काठावर आला, समजूत घालून गेला. मास्तर आले, शास्त्रातली वचनं म्हणून गेले. पण दोर घेऊन कुणी आलं नाही. सारू फडक्यात बांधून भाकरी खाली टाकायची. बाबा एकदा शिंपडणाऱ्यांचं गाणं म्हणायचा, एकदा बुडवणाऱ्यांचं. दोघांनाही वाटायचं, म्हातारा आपल्याच बाजूचा आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बसून कंटाळा आला म्हणून बाबानं खडकावर पहार हाणली. आणि काय सांगू! खडक फुटला. वरच्या कपारीतून धार सुटली, खालून उमाळा आला. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. सारूनं वरून पाहिलं आणि किंकाळी फोडली, "धावा रे, माझा बा बुडतोय!"

सगळी वस्ती धावली. सदोबानं आपला दोर सोडला, तो अर्ध्यावर राहिला. मास्तरांनी सोडला, तोही अर्ध्यावर. पाणी बाबाच्या छातीला आलं. सारू दोघांच्या अंगावर धावून गेली. "बाप्तिस्मा कसाही द्या! पण आधी माझ्या बाला वर काढा!"

सदोबाला घाईत गाठ मारता येईना. मास्तरांनी त्याच्या हातातलं टोक घेतलं, आपल्या टोकाला बांधलं आणि दातांनी ओढून घट्ट केलं. दोर खाली गेला तेव्हा बाबाचं फक्त तोंड पाण्याबाहेर होतं. त्यानं दोर बगलेखालून घेतला आणि ओरडला, "सगळे ओढा रे! गाठ कच्ची असली तर मेलोच मी!"

सगळ्यांनी ओढला. कोण कुठल्या देवळातला, कुणी पाहिलं नाही. बाबा वर आला आणि त्याच्या पाठोपाठ पाणीही चढत आलं, काठाला हात लागेल इतकं, असं म्हणतात. बाबा निथळत काठावर बसला. सदोबाकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं आणि म्हणाला, "वरून शिंपडला, खालून बुडवला. माझे दोन्ही झाले. आता बोला!"

सदोबा हसला, मास्तर हसले आणि हसता हसता दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून लहान पोरांसारखे रडले.

देवळं मात्र दोनच राहिली हं. त्या बुडवणाऱ्यांचं मत बदललं नाही, आम्हा शिंपडणाऱ्यांचंही नाही. पण तेव्हापासून रीत पडली, ती आता घरोघर नळ आले तरी चालू आहे. बाप्तिस्मा आमच्या देवळात असला की पाणी त्यांनी काढायचं, त्यांच्यात असला की हौद आम्ही भरायचा. त्या पाण्याला रावजीबाबाचं पाणी म्हणतात. ज्यांचा एकमेकांशी अबोला आहे त्यांना त्या दिवशी शेजारी उभं करून दोर धरायला लावतात.

माझ्या नातीच्या वेळी जिवाजी मास्तरांचा पणतू आला होता पाणी काढायला. शेताच्या बांधावरून आमची आणि त्यांची नऊ वर्षं बोलचाल नव्हती. त्यानं घागर माझ्यापुढं धरली आणि खाली मान घालून म्हणाला, "मावशी, पोरीचं नाव काय ठेवताय?"


मी सांगितलं, "सारू." आणि त्याला जेवायला थांबवून घेतलं.